फळ्यांपलीकडचा नकाशा

मी छडी मुंबईवर टेकवली आणि वर्ग हसला.

माझी मुंबई कलकत्त्याच्या जागी होती.

"कराची दाखव," डिप्टी साहेब म्हणाले. मी छडी उजवीकडे वर नेली. थेट आसामात. "बरं, गोदावरी?" मी गोदावरी समुद्रातून उचलली आणि नाशकाला नेऊन सोडली.

"साहेब, यांच्या महारवाड्यात सूर्य मावळतीला उगवतो," मास्तर म्हणाले.

साहेबांनाही हसू आलं. हातातला टाक दौतीत बुडवता बुडवता ते थांबले. "हिचं नाव फायनलला पाठवायचं म्हणता?"

"बाप फौजेत आहे, म्हणून यादीत ठेवलंय. बाकी डोकं उलटंच."

फायनल म्हणजे सातवीची सरकारी परीक्षा. ती पास झालं की मास्तरकी मिळे. लढाईवरून आबांची पत्रं यायची, त्यांत दर वेळी शेवटची ओळ एकच असे : 'फायनल सोडू नको.' कुणाकुणाला परीक्षेला नगरला पाठवायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातून आजवर महाराची पोरगी गेली नव्हती. पोरगाही गेला नव्हता.

डिप्टी साहेब म्हणजे शाळा तपासणारा अंमलदार. वर्षातून एकदा येई. त्याच्यासाठी दाराला आंब्याचे टहाळे लागत, मास्तरांच्या पगडीची घडी मोडे. साहेबांची वळकटी माझ्या आईने वेशीपासून डोक्यावर आणली होती. त्या वळकटीवर साहेब रात्री झोपणार होते. तिला विटाळ झाला नाही. विटाळालाही माणसं कळतात.

कुणाही मुलाला वर्गाबाहेर बसवू नये, असा सरकारचा हुकूम होता. मास्तर तो पाळत. वर्षातून एक दिवस. त्या दिवशी मला आत, तरटाच्या शेवटच्या पट्टीवर बसवलं होतं. मी गेल्यावर तिथे गोमूत्र शिंपडायचं, हेही ठरलेलं होतं.

सकाळी साहेबांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला होता : "परीक्षेसाठी सर्वांत जास्त उजळणी कोणत्या विषयाला लागते?" प्रश्न प्रत्येक गावात तोच असल्यामुळे उत्तर आठवडाभर घोकून तयार होतं. "आम्हांस सर्व विषय सारखेच प्रिय आहेत!" अख्खा वर्ग एका सुरात. साहेबांनी मान डोलावली. गणितही प्रिय, हे ऐकून त्यांना बरं वाटलं असावं.

मी ओरडले नाही. माझं उत्तर वेगळं होतं.

शाळा चावडीमागच्या खोलीत भरे. खोलीच्या एका बाजूला भिंत नव्हती, उभ्या फळ्या ठोकलेल्या होत्या. फळ्यांपलीकडे मोडक्या गाडीची पडवी. ती माझी जागा. जे कानांनी शिकता येतं, ते मला दोनदा ऐकून येई : कविता, पाढे, सनावळ्या. त्यांना उजळणी कसली? पण भूमिती! "हा बिंदू. ही रेषा, ही दुसरी. दोन्ही इथे मिळाल्या. दिसलं का?" "दिसलं!" सगळे ओरडत. मीही ओरडे. मला समोर फळी दिसे.

नकाशा नेमका त्या फळ्यांवरच टांगलेला होता, आणि त्यावर गावांची नावं नव्हती. मास्तर छडी आपटत. "ही मुंबई." टक्. "हे नागपूर." टक्. मी फळीला कान लावून बसे आणि जिथे आवाज होई तिथे कोळशाचा ठिपका देई. मुंबई गाडीच्या मोडक्या चाकाशेजारी, खाली. कराची त्याच्याच वर. दिशाही तशाच शिकले, टकटकीवरून. दोन वर्षांत माझ्या बाजूला अख्खा हिंदुस्थान उमटला. पाऊस आत आला की पुसला जाई, मी पुन्हा काढी. इतकी उजळणी त्या वर्गात कुणी केली नसेल.

तोच हिंदुस्थान आता माझ्यावर हसत होता.

मी नकाशाकडे बघत राहिले. त्याच्या डाव्या कडेशेजारी फळीला एक फट होती. फटीतून गाडीचं चाक दिसलं.

माझं चाक. पलीकडे ते माझ्या उजव्या हाताला असे. इथे डावीकडे होतं. आणि खरी मुंबई त्याच्याशेजारीच होती, मी ठिपका दिला होता तिथेच.

माझं एकही गाव चुकलं नव्हतं.

पण हे बोलायचं कसं? बोलले तर मास्तर नाव कापणार. गप्प राहिले तर साहेब कापणार. सकाळी आई म्हणाली होती, "बाये, तोंड उगडू नगं. साळंत हायेस तवर हायेस." मी साळंत होते कुठं?

"सायेब," मी म्हणाले, "माझं डोकं उलटं न्हाई. मी ह्या फळ्यांच्या मागं बसते. तिकडून समदं उलटं येतं."

हसणं थांबलं. साहेब उठले, पडवीत जाऊन आले. त्यांच्या बोटाला कोळसा लागला होता. ते बोट त्यांनी रुमालाला पुसलं.

"मुलगी चुणचुणीत आहे," ते मास्तरांना म्हणाले. "नावाचं तुम्हीच बघा." मग पोहे आले. शेऱ्याच्या वहीत त्यांनी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं, मी फळ्यांपलीकडे ऐकावं म्हणून : 'अस्पृश्य मुलांच्या बसण्याची व्यवस्था समाधानकारक.'

मात्र मी फळ्यांपलीकडे नव्हते. मास्तरांची मान वहीत होती तेव्हा मी दारातून आत आले होते आणि शेवटच्या पट्टीवर बसले होते.

मास्तरांनी वही मिटली. तेव्हा मी त्यांना दिसले.

"ए, ऊठ."

"न्हाई."

"फायनलचं नाव कापीन."

"कापा."

एक पोरगा कुजबुजला, "उलटी मुंबई आली रे!" कुणी हसलं नाही. मास्तर छडी घेऊन दोन पावलं आले आणि थांबले. तेव्हा मला कळलं. मला ओढून बाहेर काढायचं तर त्यांना मला शिवावं लागलं असतं. इतकी वर्षं ज्या कुंपणाने मला बाहेर ठेवलं होतं, तेच आता त्यांना अडवत होतं.

मास्तरांनी अख्खा वर्ग उठवला आणि चिंचेखाली नेला. खोलीत मी आणि नकाशा.

मी उठले. चाकाच्या बाजूने सुरुवात केली. मुंबई, डावीकडे. कराची, तिच्या वर. गोदावरी नाशकातून निघाली आणि समुद्राला मिळाली. बाहेर पोरं ओरडत होती, "दिसलं!" झाडाखाली त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

नाव कापलं तर कापलं. पुढल्या वर्षी पुन्हा यादी होणार होती, त्याच्या पुढल्या वर्षीही. उद्या मास्तर दाराला कडी घालतील. मग मी दारात बसेन. पडवीत मी पुन्हा जाणार नव्हते.