अनुसयाबाईचा बर्फातला चहा

अनुसयाबाई माझी मोठी जाऊ. थोरले दीर गेले तेव्हापासून ती आमच्या ओसरीवर झोपायची. आत जागा नाही, असं मी लोकांना सांगत असे. जागा होती. तिथं माझ्या ट्रंका आणि मिरच्यांची पोती होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर गीताबाईला बोल लावताना माझीच जीभ अडखळायची.

सत्तेचाळीसच्या आधी ती गोंदियाच्या रेल्वेच्या बंगल्यात भांडी घासायला जायची. तिथला खानसामा साहेबासाठी बर्फातला चहा करी. तो तिनं नुसता बघून उचलला, आणि साहेब गेल्यावर आमच्या घरी करू लागली. आमच्याकडे चहा म्हणजे दूध घालून उकळून उकळून केलेला काढा. तिचा चहा बिनदुधाचा, लाल. काचेच्या गिलासात ओतला की पलीकडचे खिडकीचे गज मोजून घ्यावेत इतका स्वच्छ.

पाणी उकळलं की ती भांडं खाली उतरवायची, मगच पत्ती टाकून झाकण ठेवायची. मनात दोनशे आकडे मोजून मलमलच्या फडक्यातून गाळायची. साखर गरम असतानाच विरघळवायची आणि मग चहाला हात म्हणून लावायची नाही, तो आपला आपण निवला पाहिजे. गरम चहात बर्फ पडला की तो गढूळ झालाच. शिवाय आमच्याकडे बर्फ यायचा धानाच्या भुशात गुंडाळून. कितीही धुवा, एखादं तूस तरंगायचंच. म्हणून ती बर्फ चहात घालतच नसे, चहाचं भांडंच बर्फात बसवायची. लिंबू अगदी शेवटी.

मी पहिल्यांदा केला तेव्हा फडकं पिळायला घेतलं.

"पिळू नोको वं सुशिला."

"एवढा चहा वाया कायले घालवता, जाऊबाई?"

"मंग पिळून पाय."

पिळला. गढूळ झाला आणि कडूही. ती हसली नाही, तोच गिलास तिनं स्वतः पिऊन टाकला.

हे सगळं तिनं दोघींनाच शिकवलं होतं. एक मी, दुसरी गीताबाई. गीताबाई आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. राखीच्या दुसऱ्या दिवशी तलावावर भुजली, म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब, शिरवताना तिनं आणि अनुसयाबाईनं एकमेकींच्या कानावर त्यातलेच पिवळे कोंब खोवले होते. अशी मैत्री जोडली की नाव घ्यायचं नाही. मरेपर्यंत एकमेकींना 'भुजली' म्हणायचं. अकरा वर्षं मी अंगणातून "काय करून राहिली वं भुजली" हेच ऐकलं. खरं सांगते, मला हेवा वाटायचा.

पंचावन्नच्या वैशाखात त्याच बंगल्यात नवे साहेब आले. बाईसाहेबांना कुणीतरी अनुसयाबाईच्या चहाचं सांगितलं. त्यांनी तिला बोलावून घेतलं. रविवारी पाहुणे आहेत, चहा करून दाखव, आवडला तर स्वयंपाकाचं काम आणि मागची खोली तुझी.

खोलीला दार होतं. घरी आल्यावर ती त्या दाराबद्दलच बोलत राहिली.

"आतून कडी हाय वं सुशिला. कडी लावून झोपीन मी."

मी मान खाली घालून तांदूळ निवडत होते.

संध्याकाळी तिनं भुजलीला सांगितलं. सांगणारच. गीताबाईनं तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कोणत्या दारानं जायचं, पाहुणे किती, सगळं विचारून घेतलं. तिच्या घरी नवरा होता, दार होतं, दाराला कडीही होती. तिच्या मनात काही असेल असं आम्हाला का वाटावं?

रविवारी आम्ही दोघी निघालो. अनुसयाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हातात धुतलेली मलमल आणि चार लिंबं. बर्फाचं पोतं माझ्या डोक्यावर, पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. पण त्या दिवशी मी कुरकुर केली नाही. मनातल्या मनात मी ट्रंका आणि पोती ओसरीवर मांडून पाहत होते.

बंगल्याच्या मागच्या दारातून पाहिलं तर चुलीपाशी गीताबाई.

बाईसाहेब बाहेर आल्या. "अरे, तुम लौट आई? ये तो कह रही थी तुम बीमार हो, चिचगड गई हो. परसों से यही काम कर रही है."

मला राग आवरेना. पण मी तोंड उघडायच्या आत अनुसयाबाईनं माझा दंड धरला.

"आई हो तो चाय पीके जाओ," असं म्हणून बाईसाहेब पाहुण्यांकडे गेल्या.

गीताबाईनं गिलास भरून पुढं केला. तिची नजर काही वर येईना. "घे ना भुजली. काऊन अशी पाहून राहिली?"

अनुसयाबाईनं गिलास उजेडात धरला. मी देवाचा धावा करत होते की चहा गढूळ निघू दे, निदान एखादं तूस तरी दिसू दे. काही नव्हतं. पलीकडची खोली दिसत होती, तिचं उघडं दारही.

तिनं एक घोट घेतला. "फडकं नाही ना पिळलं?"

"नाही. तूनंच सांगतलं होतं."

"भांडं बर्फात ठेवलं?"

"हो."

तिनं अख्खा गिलास सावकाश संपवला आणि ओट्यावर ठेवला.

"चांगला झाला हाय चहा, गीताबाई."

ते नाव तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. गीताबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

आम्ही फाटकाकडे निघालो. मागून गीताबाई पळत आली, फाटकापाशी थांबून हाका मारू लागली. "भुजली! वं भुजली, आयक ना!"

अनुसयाबाई थांबली नाही. घरी आल्यावर मी पोत्यातला उरलासुरला बर्फ मोरीत ओतला आणि तडक आत जाऊन माझ्या ट्रंका ओढू लागले. ती दारात आली.

"राहू दे वं सुशिला," ती म्हणाली, "मले ओसरीच बरी." आणि तिनं नेहमीच्या जागी आपली चटई अंथरली.