सासूबाईंचा रोजचा फोटो

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते. चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचा फोटो काढून परगावच्या नणंदेला पाठवायचा, हे त्यांचं रोजचं काम. नणंद करवादायची, "वहिनी, आईपेक्षा बाटल्याच जास्त दिसतात गं!"

कंटाळून त्यांनी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या काकांना विचारलं. "नको ते चौकटीबाहेर ठेवा," काका म्हणाले. "खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घ्या. सासूबाई बघतात त्या बाजूला जरा जागा सोडा."

वहिनींनी औषधं, बेडपॅन, मळक्या चादरी बाजूला सारल्या. फोटो देखणा आला. नणंदेचा लगेच फोन, "आई किती टवटवीत दिसते! मग या महिन्यात नाही येत मी."

तिच्या येण्याच्या आशेवरच तर वहिनी दिवस ढकलत होत्या; दोन दिवस पाठ टेकली असती. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी देवापुढे हात जोडताना मात्र कालचा फोटो त्यांना खोटा वाटला. त्यांनी बाजूला सारलेलं सगळं पुन्हा होतं तिथे ठेवलं, उजेड काकांनी सांगितला तसाच घेतला आणि दोन पावलं मागे सरकल्या. कपाटाच्या आरशात त्या स्वतःही आल्या. फोटो तसाच पाठवला.

"वहिनी, केवढी वाळलीस गं," नणंदेचा निरोप आला. "शनिवारी निघते."

वहिनी खाटेच्या कडेला टेकल्या. शनिवारला अजून चार दिवस होते.