आबा, अण्णा आणि तहकूब सभा

पंचायत समितीत सभांचं इतिवृत्त लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली. ठराव किती झाले, त्यांचं पुढं काय झालं, काही आठवत नाही. माणसं काय बोलली ते मात्र डोक्यात साचत गेलं. चार जण चहाला बसले की आपोआप बाहेर पडतं. त्यातही आबांचं जास्त.

* * *

आबा मेंढपाळ. राखीव जागेवरून निवडून आले, ते पहिल्या सभेला खांद्यावर घोंगडी अन् हातात काठी घेऊनच. शिपायानं काठी दारात ठेवायला लावली. थोड्याच वेळात विहिरींच्या मंजुरीवरून दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावले. आबा उठले, बाहेर जाऊन काठी घेऊन आले. शिपाई आडवा आला तर शांतपणे म्हणाले, "बाहेर काय गरज हाय तिची? गडबड तर आत हाय."

* * *

सभापती अण्णा मोठे बागायतदार. अडचणीचा प्रश्न आला की घड्याळ बघायचे आणि "सभा तहकूब" म्हणायचे. मग सगळे उठून शेजारच्या खोलीत जेवायला. असं बरेच महिने चाललं. एकदा आबा सिरसाळ्याच्या बाजारातून उपाशीच आले. अण्णांचं प्रास्ताविक सुरू होतं. आबा अदबीनं उभे राहिले. "अण्णा, आज तहकूब जरा लवकर वाढा की. लई भूक लागलीय."

तेव्हापासून आमच्या ऑफिसात जेवणाच्या डब्याला तहकूबच म्हणतात.

* * *

सुशीलाताई सदस्य होत्या, पण त्यांना काही विचारलं की उत्तर मागच्या खुर्चीतून यायचं, त्यांच्या यजमानांचं. नव्या बीडीओ मॅडमनी यजमानांना बाहेर काढलं, तर ते खिडकीत उभं राहून हातवारे करायला लागले. ताईंनी एकदा तिकडं पाहिलं, उठल्या आणि खिडकी लावून घेतली. "वारं लई सुटलंय," म्हणाल्या. मग गावच्या पाण्यावर अशा काही बोलत सुटल्या, की अण्णांना तहकूब म्हणायलासुद्धा फट सापडली नाही.

* * *

पुढं अण्णांवर अविश्वास ठराव आला. विरोधकांनी आपली माणसं सहलीला नेली, आबांनाही. फोन काढून घेतले, कपिलधारला दर्शन घडवलं आणि एका हॉटेलात ठेवलं. इकडं अण्णा स्वतः आबांच्या घरी जाऊन मेंढरांच्या तब्येतीची चौकशी करून आले. मेंढरं ठणठणीत होती.

मतदानाच्या दिवशी सगळं एका मतावर येऊन अडलं. ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. आबांचा मांडीवरच. विरोधकांचे चेहरे पडले, अण्णांचा खुलला. मग मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी ठरावाच्या विरोधातले हात मागितले. आबांचा तेव्हाही मांडीवरच.

ठराव पडला. अण्णांची खुर्ची वाचली, पण त्यांना राहवेना. सगळ्यांदेखत आबांपाशी आले अन् म्हणाले, "आबा, एकदा सांगूनच टाका. तुमी नेमके कुणाच्या कळपात?"

आबांनी घोंगडी झटकून खांद्यावर घेतली.

"कळपात मेंढरं असत्यात, अण्णा. मी धनगर हाय."