कोल्ह्यानं जांभई दिली

मी गुरांच्या दवाखान्यात नोकरी केली. डॉक्टर नव्हतो. लस टोचणं, जखमा धुणं, अडलेली गाय सोडवणं आणि जनावर मेलं की पंचनाम्यावर सही करणं, एवढंच माझं काम. पण खेड्यात मला सगळे डॉक्टरच म्हणत, आणि पंचविशीत ते ऐकायला बरं वाटायचं.

घर कंधारला आणि पहिली नेमणूक देवणीकडच्या एका गावात. लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. कार्यालयं भाड्याच्या खोल्यांत भरायची. निम्मी दप्तरं अजून जुन्या जिल्ह्यातच होती. एखादा कागद मागितला की इथले म्हणत तिकडं आहे, तिकडचे म्हणत कधीच पाठवला. त्यात पाऊस गेला. पहिल्या वर्षी थोडा पडला, दुसऱ्या वर्षी तोही नाही. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या आणि गावाबाहेर गायरानावर गुरांची छावणी उघडली. पाच-सहा गावांतली जनावरं तिथं आणून बांधली. छावणीचे चालक गावातलेच एक वजनदार गृहस्थ होते. सरकारकडून येणारा कडबा आणि पेंड त्यांच्या ताब्यात, आणि छावणीच्या तोंडाशी मांडलेलं टेबलही त्यांचं.

छावणी सुरू होऊन महिना झाला असेल. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि वासराचा एक पाय आणि कातड्याचा तुकडा दाखवला.

"कोल्ह्यानं नेलं, डॉक्टर. लई माजलेत यंदा. करा पंचनामा."

मी केला. चार दिवसांनी पुन्हा तसंच. पुन्हा केला. बाकीचं जनावर कुठं आहे, असं मी विचारलं नाही. ऊन होतं, टेबलावर चहा आला होता, आणि त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची माझी हिंमत नव्हती. आज चाळीस वर्षांनी इतरांवर चिडायच्या आधी मी त्या दोन सह्यांवर चिडतो.

मग कोल्ह्यांचा बोभाटा झाला. चालकांनी वर कळवलं की कोल्ह्यांनी छावणीत उच्छाद मांडलाय. वरून बंदोबस्ताचा हुकूम आला आणि मागोमाग जीपमधून एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही. परवान्याची बंदूक त्यांची स्वतःची होती आणि शिकारीची हौसही. कोल्हा काही समोर येऊन उभा राहत नाही, त्याला बोलवावं लागतं. म्हणून गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्या एका पारध्याला चालकांच्या गड्यानं बोलावून आणलं. कोल्हा मारला की त्याचा पंचनामा करायला सरकारी माणूस हवा, म्हणून मलाही सोबत घेतलं.

पारधी पन्नाशीच्या पुढचा. बारीक अंगाचा, बोलायला हळू. मी त्यांना मामा म्हणायचो, कारण माझ्याकडं शेळी घेऊन ते दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा माझ्यापेक्षा त्यांनाच शेळीतलं जास्त कळत होतं. ते ज्वारीचं वाळकं पान दोन अंगठ्यांच्या मधे ताणून धरायचे आणि फुंकायचे. जाळ्यात अडकलेल्या सशाची किंकाळी हुबेहूब निघायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पहिल्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही माळाच्या बांधाआड बसलो. जीप पंधरा पावलांवर उभी. मामा म्हणाले, "साहेब, गाडी गावात ठिवा. तिचा वास लांब जातो."

साहेब हसले. "तू मला शिकवणार?" आणि त्यांनी सिगारेट पेटवली.

मामांनी फुंकलं, थांबले, पुन्हा फुंकलं. दिवस मावळेपर्यंत एक कोल्हा फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप गावात ठेवली. मामांनी मूठभर माती हवेत सोडली, ती कुठं वाहते पाहिलं, आणि आम्हाला माळाच्या दुसऱ्या अंगाला बसवलं, म्हणजे आमचा वास मागं जाईल. सिगारेटही बंद करायला लावली, हात जोडून. त्याही दिवशी काही नाही. फक्त एक ससाच कान टवकारून उभा राहिला आणि पळाला. साहेबांच्या मानेवरची शीर तटतटली होती.

"सारखं सारखं एकच वरडणं नको," मामा मला हळूच म्हणाले. "कुणी आधी या आवाजानं फसवलं आसंल तर कोल्हा वळखतो. उद्या सकाळी करडाचा आवाज काढून बघू."

तिसऱ्या दिवशी उजाडतानाच गेलो. या वेळी पान नव्हतं. ओंजळ तोंडाशी धरून मामांनी आईपासून चुकलेल्या करडाचं बेंबटणं काढलं. इतकं खरं, की खालच्या छावणीतून एका शेळीनं उत्तर दिलं. आणि मग कोल्हा आला. समोरच्या टेकाडावर, बंदुकीच्या टप्प्याबाहेर, निवांत चालत आला. आमच्या दिशेनं पाहत खाली बसला. मामांनी पुन्हा आवाज काढला. कोल्ह्यानं तोंड वासून भली मोठी जांभई दिली, पायानं मान खाजवली आणि उठून आला तसा निघून गेला.

साहेबांनी उगाच एक बार काढला. मग ते मामांकडं वळले.

"तुम्ही सगळे एक. त्याला सामील आहात. दिवसा आम्हाला माळावर नाचवायचं आणि आपण रात्री वासरं कापून खायची. कोल्ह्याचं नाव पुढं करून तुमचंच पोट भरतंय ना?"

मामा उभे राहिले. "न्हाई साहेब. आमी गाय-वासराला हात लावत न्हाई."

"गप! तुझ्या पालांची झडतीच घ्यायला लावतो."

जीप निघून गेली. साहेब बोलत होते तेव्हा मी तिथंच उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. साहेबांचा राग तीन दिवसांच्या फजितीचा होता, हे मला कळत होतं. सांगितलेलं ऐकायचं नाही, जीप दामटायची, धूर काढायचा, आणि खापर फोडायचं ते ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या डोक्यावर! माझे कान तापले होते.

मामा मात्र त्या टेकाडाकडं पाहत होते.

"डॉक्टर, त्यानं ऐकलं. आवाजात खोट न्हवती. वारं बी बराबर हुतं."

"मग आला का नाही?"

"भूक न्हाई त्याला. दुष्काळात सगळ्यांची पोटं खपाटीला गेलीत आन् ह्यो जांभया देऊन राहिला. अंग बघितलं का त्याचं? तुकतुकीत. कुठंतरी रोज आयतं मिळून राहिलं."

"छावणीतली वासरं."

"वासरू मारायला धावावं लागतं, वढावं लागतं. कुत्री मागं लागतात, माणसं काठ्या घिऊन येतात. असा कोल्हा दचकून ऱ्हातो. ह्यो दचकत न्हाई." ते टेकाडाकडं चालायला लागले. "चला, बघू तरी काय खातोय."

कोल्हा बसला होता त्या जागेच्या पुढं त्याची विष्ठा पडली होती. मामांनी काडीनं ती उकलली. हाडांच्या चुऱ्यानं ती खडूसारखी पांढरी झाली होती आणि तिच्यात केस होते, काळे आणि पांढरे. सशाचे नव्हते, शेळीचेही नव्हते. देवणी जातीच्या गुरांच्या अंगावरचे असे केस रोज माझ्या हाताखालून जात होते. "गुरांचे आहेत," मी म्हणालो.

आम्ही पायवाट धरली. ती थोड्याच वेळात ट्रॅक्टरच्या चाकोरीला मिळाली. त्या चाकोरीला तिथं यायचं काही कारण नव्हतं, कारण पुढं ना शेत होतं ना वस्ती. चाकोरी बाभळींच्या दाटीत शिरत होती आणि तिथून खाली एक कोरडा नाला होता. वर गिधाडं होती. पण त्या वर्षी गिधाडं सगळीकडंच असत, त्यांच्याकडं मान वर करून कुणी पाहत नव्हतं. वास आधी आला. मग नाला दिसला.

गाई होत्या. बैल होते. वासरं होती. काही नुसते सांगाडे, काही कालपरवाचे. शिंगांवर छावणीत दाखल करताना मारलेले तांबड्या रंगाचे आकडे. मी मोजायला लागलो आणि मधेच थांबलो.

एक वासरू ताजं होतं. माझ्या पिशवीत सुरी होती. मी गुडघे टेकून काम सुरू केलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. कोल्ह्यानं मांडी फाडली होती, पण कातड्याखाली रक्त साकळलेलं नव्हतं. जिवंत जनावराला दात लागले की रक्त साकळतं. हे मेल्यावर फाडलेलं होतं. मूत्रपिंडाभोवती चरबीचा ठिपकाही नव्हता; लांबलेल्या उपासात तीही संपते. पोट उघडलं. आत माती होती, गोणपाटाचे धागे होते, कागद होता. कडब्याची एक काडी नव्हती.

कडबा येत होता. गाड्या येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तो छावणीत उतरून कुठं जात होता हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण गुरांच्या पोटात जात नव्हता एवढं माझ्या हाताला लागलं होतं. उपासानं मेलं म्हटलं की चौकशी होते. कोल्ह्यानं नेलं म्हटलं की कोल्ह्याला विचारायला कोण जाणार?

मामा नाल्याच्या काठावर उकिडवे बसले होते. "आन् झडती आमच्या पालांची," एवढंच ते म्हणाले.

छावणीत एका विधवा बाईची काळी-पांढरी गाय होती. आठवड्यापूर्वी ती पाणी पाजायला आली तर दावणीला गाय नव्हती. चालकांच्या माणसांनी सांगितलं, दावं तोडून गेली. ती बाई रोज चार गावं पायी हिंडून विचारत होती. मी थेट तिच्या घरी गेलो.

"मावशी, तुमच्या गाईच्या शिंगाला काही खूण होती का?"

"डावं शिंग टोकाला मोडलेलं. का हो? घावली का?"

मी तिला नाल्यावर नेलं. न्यायला नको होतं असं पुढं पुष्कळांनी मला सुनावलं. ती रडली नाही. काठावरून तिनं त्या ढिगातलं एकेक शिंग न्याहाळलं. मग खाली उतरली आणि मोडक्या टोकाचं शिंग हिसडून काढलं. तशीच ती छावणीवर गेली, मी मागं. दुपारची वेळ, पाणी पाजायला सगळे गुरंवाले जमलेले. तिनं ते शिंग चालकांच्या टेबलावर, चहाच्या कपांमधे ठेवलं.

"दावं तोडून गेली म्हनलात न्हवं? ही बघा. दावं अजून गळ्यात हाय तिच्या. या बघायला."

चालक म्हणाले, "बाई, डोकं ठिकाणावर ठेवून बोल."

पण माणसं तोवर उठली होती. कुणाचा बैल गेला होता, कुणाचं वासरू. ते सगळे नाल्याकडं निघाले आणि छावणीत त्या टेबलाशी चालक एकटे उरले.

मी त्याच दिवशी अहवाल लिहिला आणि घेऊन लातूरला गेलो. माझ्या वरिष्ठांनी तो उभ्यानंच वाचला. पंख्याखाली लोखंडी पेट्या रचल्या होत्या, अजून न उघडलेल्या.

"कोल्हा काढून टाकायचं काय कारण?" ते म्हणाले. "आधीच्या दोन पंचनाम्यांत कोल्हा आहे. तुझीच सही आहे."

"ते पंचनामे चुकीचे आहेत. तेही मी लिहिलंय."

"नवा जिल्हा आहे रे. सुरुवातीलाच असलं प्रकरण नको. अहवालात कोल्हा राहू दे."

"नाही साहेब."

माझा आवाज चढला होता. शेजारच्या खोलीतला कारकून दारात येऊन उभा राहिला. वरिष्ठांनी अहवाल परत दिला. मी तो टपालाच्या टेबलावर देऊन आवक शिक्का मारून घेतला आणि एक प्रत सगळ्यांत वरच्या कार्यालयात नेऊन ठेवली. अहवालानं काही झालं असतं असं मला वाटत नाही. झालं ते गुरंवाल्यांमुळं. ते सगळे, ती बाई पुढं, लातूरला जाऊन त्या कार्यालयाच्या दारात बसले आणि उठेनात. आठवड्यात छावणी दुसऱ्याच्या हाती गेली. गुरांपुढं कडबा पडू लागला. चालकांना काय झालं? काही नाही. पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या गळ्यात हार होते.

आणि मामांना? मी लातूरला असतानाच पोलिसांनी त्यांना बेकायदा शिकारीच्या संशयावरून चौकीवर नेलं. मी धावत गेलो आणि जमादाराला सांगितलं, "यांना शिकारीला साहेबांनीच बोलावलं होतं. मी तिथं होतो. लिहून घ्या."

"तुमचं काय नातं लागतं?" जमादार म्हणाला.

त्यानं लिहून घेतलं नाही, पण दुपारी त्यांना सोडलं. दोन दिवसांनी गावानं पालं हलवायला सांगितली. गावानं, म्हणजे ज्यांची गुरं त्यांच्यामुळं वाचली त्याच लोकांनी! मी चावडीवर गेलो, भांडलो. एक जण म्हणाला, "डॉक्टर, तुमचं बरोबर हाय. पण साहेबाचा डोळा हाय त्यांच्यावर. आपल्याला कशाला ताप?" मला त्या दिवशी चालकांपेक्षा या माणसाचा जास्त राग आला. अजून येतो.

माझी बदली नायगावला झाली, वर्ष पुरं व्हायच्या आत. त्यानंतर एकदा घरी जाताना कंधारच्या स्टँडवर मामा दिसले. सोबत बायको, तिच्या डोक्यावर बोचकं. मीच हाक मारली. त्यांनी पटकन ओळखलं.

"काय करता आता, मामा?"

"खडी फोडून राहिलो रस्त्यावर. आवाज काढायचं सोडलं. कुणी ऐकलं की पोलीस केस व्हती." मग म्हणाले, "छावणीतली गुरं जगली का हो मग?"

"बरीच जगली."

"हाव? झाक झालं."

मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं होतं. पण गाडी लागली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "ए, ते गाठोडं टपावर टाक!" मी वळून त्याच्यावर असा भडकलो की सगळं स्टँड बघायला लागलं. मामांच्या बायकोनं बोचकं पोटाशी धरलं. मामा मला म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, डॉक्टर, ऱ्हाऊ द्या," आणि तिच्या हातातलं बोचकं घेऊन टपावर चढायला शिडीकडं गेले.