वकीलबाईंना पाडायचं

ती निवडणूक आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. बायको म्हणते, रिटायर झालात, आता तरी येरझाऱ्या थांबवा. थांबत नाहीत, काय करू?

मी तेव्हा ऑकलंडमध्ये, ईस्ट टामाकीच्या गोदामांजवळच्या ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. निवडणूक म्हणजे ठाण्याला नुसती कटकट. रोज सकाळी कुणीतरी फोन करणार, आमच्या उमेदवाराच्या होर्डिंगला रात्रीतून मिशा काढल्या म्हणून. कॉन्स्टेबल पाठवा, फोटो काढा, तक्रार नोंदवा. त्यात त्या वर्षी आमच्या मतदारसंघात एक मराठी वकीलबाई उभ्या होत्या. मूळच्या मुंबईच्या, शाळा संपवून इकडे आलेल्या. इथे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य कायदा सल्लागार, लोक थेट निवडत नाहीत. आधी खासदार व्हायचं, पक्ष सत्तेत यायचा, मग पंतप्रधान नेमणार. पण बाईंनी प्रचार असा चालवला होता की जणू मत त्याच पदासाठी द्यायचं आहे. ‘तुमची पुढची ॲटर्नी जनरल’, चौकाचौकात हेच.

शनिवारी मराठी मंडळींनी हॉलवर उमेदवारांची सभा ठेवली. बाई स्टेजवर चढताना लाकडी पायरी मोडली, बाई पडल्या आणि मनगटाचं हाड मोडलं. सोमवारी त्यांचा प्रचारप्रमुख, एक गोरा तरणा पोरगा, ठाण्यात हजर. त्याच्या हातात विरोधी गटातल्या एका मेसेजचं फोननं केलेलं इंग्रजी भाषांतर होतं. त्याचा अर्थ असा होता, की वकीलबाईंना या वेळी खाली आपटायचंच, शनिवारी सगळ्यांनी हॉलवर यायचं. शिवाय हॉलचा केअरटेकर सांगत होता, सभेआधी एक भारतीय माणूस त्याच पायरीशी वाकून काहीतरी करत होता. मेसेज लिहिणारा आणि पायरीशी वाकणारा माणूस एकच निघाला.

तो पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. बायको, एक लहान मुलगी. रेसिडेन्सीचा अर्ज इमिग्रेशनकडे पडलेला. गुन्हा नोंदला गेला की अर्ज धोक्यात, नोकरी धोक्यात, आणि मग बिऱ्हाड उचलून परत जायची पाळी. ठाण्यात आला तेव्हा नाव सांगण्याआधी त्यानं पाणी मागितलं.

मी इन्स्पेक्टरना म्हटलं, “सर, मूळ मेसेज बघू द्या. यात काहीतरी घोळ आहे.”

ते म्हणाले, “तू त्यांच्यातलाच आहेस. तू चौकशीपासून लांब राहा.”

नियम बरोबर होता, त्यामुळे राग आणखी आला. मी शेजारच्या खोलीत मॉनिटरसमोर उभा राहिलो. आमच्या कॉन्स्टेबल मुलीनं त्याला हक्क वाचून दाखवले, वकील हवा का विचारलं. हा म्हणाला, नको, मी काही केलंच नाही. निरपराध माणसं हीच चूक करतात, मी आयुष्यभर पाहत आलोय.

“मेसेज तुम्हीच लिहिला?”

“येस.”

“त्याचा अर्थ काय?”

“वुई वॉन्टेड टू मेक हर फॉल.”

अरे देवा. मी कपाळाला हात लावला.

“ठरवून?”

“येस, येस. विथ फुल फोर्स. एव्हरीबडी वॉज रेडी.”

मुलीची पेन्सिल थांबली. तिला वाटलं, माणूस कबूल झाला. आणि या शहाण्याला वाटत होतं, आपण प्रामाणिकपणे उत्तर देतोय. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, उमेदवाराला पाडायचं म्हणजे मतं दुसरीकडे फिरवायची. पण घाबरलेला माणूस मराठीत विचार करतो आणि शब्दाला शब्द ठेवत जातो. “पायरीशी काय करत होतात?” यावर तर त्यानं कहरच केला. म्हणाला, “आय फेल अ‍ॅट इट्स फीट.”

मी जाऊन इन्स्पेक्टरना सांगितलं, मराठी जाणणारा दुभाषा आणा, माझा शब्द घेऊ नका. त्यांनी जवळच्या पुकेकोहे गावातून एक वयस्कर भारतीय गृहस्थ बोलावले. ते गुजराती निघाले, जन्मही इथलाच. भले माणूस, आल्या आल्या म्हणाले, मराठी मला येत नाही, मी काय सांगू? अर्धा दिवस गेला. तो इंजिनिअर बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसलेला, आणि त्याला बघून माझेही पाय हलत होते.

शेवटी साक्षीदाराला भेटायची परवानगी मी भांडून मिळवली. केअरटेकरला हॉलवर नेलं. म्हटलं, “त्यानं काय केलं ते बोलू नका, करून दाखवा.”

म्हातारा वाकला. उजव्या हाताची बोटं खालच्या पायरीला लावली, मग तोच हात कपाळाकडे नेला. म्हणाला, “मग त्यानं केस मागे सारले.”

केस कुठले सारतोय. कॉलेजात एकांकिका केलेला माणूस, मंडळींच्या वतीनं माइक तपासायला स्टेजवर चढताना पायरीच्या पाया पडला होता. आणि मोडली होती ती वरची पायरी. उलटवून पाहिली तर लाकूड आतून कुजलेलं, बोटानं भुगा पडत होता.

पायरीचा प्रश्न सुटला, मेसेजचा राहिला. तेवढ्यात प्रचारप्रमुख सहज बोलून गेला, “मेसेज बाईंच्याच फोनवर आला होता. मी फक्त भाषांतर केलं.”

माझं डोकंच फिरलं. इन्स्पेक्टरना घेऊन तडक बाईंच्या घरी गेलो. हात प्लास्टरमध्ये, समोर चहा. त्यांच्याच फोनवरचा मेसेज मी मोठ्यानं वाचला. ‘वकीलबाईंना या वेळी पाडायचंच. शनिवारी सगळे हॉलवर या, प्रश्न विचारून भंडावून सोडू.’ दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध तक्रारीत आलाच नव्हता.

“बाई, पाडायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?”

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. म्हणाल्या, “दुखत होतं हो. आणि सगळे म्हणत होते, याची सहानुभूतीची मतं मिळतील. मी काही खोटं बोलले नाही.”

“नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

त्यांनी डाव्या हातानं जबाबावर सही केली. माणूस सुटला. बाई थोड्या मतांनी पडल्या, म्हणजे आपल्या अर्थानं.

‘ध चा मा’ करणाऱ्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवतो. इथे फोनला काय नावं ठेवणार? पण मूळ शब्द ज्याला ठाऊक आहे आणि जो आपल्या सोयीसाठी गप्प बसतो, त्याच्यासाठी कायद्यात कलम सापडत नाही. मी शोधलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तो इंजिनिअर कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध घेताना भेटला. रेसिडेन्सी मिळाल्याचं कानावर आलं होतं. मी म्हटलं, “काय, कसं चाललंय? आता निवांत ना?”

त्यानं आधी काउंटरवरच्या माणसाकडे पाहिलं, मग दाराकडे. अगदी इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाला, “ऑल गुड, सर. स्वीट अ‍ॅज.”

मुलीनं त्याचा शर्ट ओढला. “बाबा, हे काका कोण?”

तो खाली वाकून हळूच तिला म्हणाला, “इंग्लिश, बेटा. आउटसाइड, ओन्ली इंग्लिश.”