छतावरचा खांब

भूकंपात आमचं गावातलं दगडमातीचं घर बसलं आणि वडील त्यातच गेले. मी तेव्हा नुकतीच शाळेत जाऊ लागले होते. आई मला घेऊन लातुरात आली, शिवणकामावर तिनं मला वाढवलं, डिप्लोमापर्यंत शिकवलं. पुढं शहर ट्यूशनच्या पोरापोरींनी भरून गेलं. गल्लोगल्ली वसतिगृहं झाली आणि मी त्यांना वायरलेस इंटरनेट पुरवायचा धंदा सुरू केला. आमच्या छतावर लोखंडी खांब, खांबावर डिश. तिथून समोरच्या छतांवर लहरी सोडायच्या.

पण छतावरून विनापरवाना वापरता येईल असा लहरींचा पट्टा तेव्हा अगदी चिंचोळा. मी त्यातच, आणि पलीकडच्या गल्लीतले चाचाही त्यातच. केबल टीव्हीचा धंदा बसल्यावर तेही या कामात उतरले होते. आमच्या लहरी एकमेकींत घुसायच्या आणि फोन सुरू व्हायचे.

"ताई, व्हिडिओ अडकून राहिलाय. उद्या टेस्ट हाय!"

मी वर जायची, चॅनल बदलायची, खाली यायची. पाणी प्यायला बसले की पुन्हा फोन. मी खांब उंच केला. चाचांनी त्यांचा उंच केला. मी आणखी एक पाइप जोडला.

एका दुपारी वारं सुटलं. खांब थरथरू लागला, त्याची घरघर स्लॅबमधून खालच्या खोलीत उतरली. आई मशीनवरून उठली आणि अनवाणी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"घर हालून राहिलंय! भाइर ये!"

"आई, खांब हालतोय. घर न्हाई. ये आत."

"तवा तुझा बाप बी असंच म्हणला. काई न्हाई, झोप, म्हणला."

इतक्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. मी पाना घेऊन वर गेले आणि खांब उतरवला. सगळी वसतिगृहं बंद पडली. फोन वाजत राहिला. तो तसाच ठेवून मी चाचांकडं गेले.

ते उर्दू पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. पेपर बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "अम्मी आत आली का?"

"अजून न्हाई."

"तिला आधी इकडं घेऊन ये, चाय पाज. तुझी डिश माझ्या छतावर लाव. चॅनल वाटून घेऊ. हवा काय तुझी न माझी!"

आईला मी त्यांच्याच घरी चहा पाजला. त्यानंतर एकाच छतावरून आम्ही दोघांनी काम केलं. ओढाताण कमी झाली, तरी मिटली नाही, कारण पट्टा तेवढाच होता. मग सरकारनं आणखी लहरी विनापरवाना खुल्या केल्या. चाचांनी ती बातमी मला दोनदा वाचून दाखवली. आम्ही यंत्रं बदलली, मोकळ्या चॅनलवर गेलो, आणि फोन गप्प झाले.

मला मात्र ती शांतता सोसेना. फोन बंद तर नाही पडला, म्हणून मी सारखी बघायची. शेवटी चाचांच्या जिन्यावर जाऊन उभी राहिले.

"सगळं चालू हाय ना?" ते म्हणाले. "मग बैस की जरा."

बसले. पायरीवर टेकले तेवढ्यात समोरच्या प्लॉटवर खडीचा ट्रक रिकामा झाला. नवं वसतिगृह. किती मजले चढतील, आमच्या लहरींच्या आड येतील का, याचा अंदाज घेत मी पुन्हा उभी राहिले.