खणखणीत आणि बद्द

वस्तू कुठलीही असो, ते आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करायचे आणि कान देऊन ऐकायचे. आमच्या घरचा चहाचा कप, बसमधला दांडा, एकदा तर देवळात नव्याने टांगलेली घंटासुद्धा. घंटेला टकटक करणारा माणूस तुम्ही तरी पाहिला आहे का? मग निकाल लागायचा. "खणखणीत" नाहीतर "बद्द". तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हताच. आम्ही त्यांना कोल्हापूरकर म्हणायचो. माझ्या नवऱ्याला ते दादा म्हणत, म्हणून मी त्यांची वैनी.

सवय कामातून लागलेली. बर्मिंगहॅमच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते, तिथे पाण्याच्या पाइपलाइनचे मोठे व्हॉल्व्ह तयार व्हायचे. तयार व्हायचे म्हणजे, लोखंडाचे ओतीव सांगाडे कोल्हापूरच्या फाउंड्रीतून पेट्या भरभरून यायचे; इथे त्यांना घासायचं, पाण्याचा दाब देऊन तपासायचं, कंपनीचं नाव लावायचं आणि जगभर विकायचं. सांगाड्यात कुठे चीर असली की आवाज बद्द येतो. तपासणी विभाग कोल्हापूरकरांकडे होता.

आजूबाजूचे ओतकामाचे कारखाने केव्हाच बंद पडले होते. आमचा तगला, कारण जड, घामाचं काम त्याने बाहेर दिलं आणि डिझाइन, तपासणी आणि नाव स्वतःकडे ठेवलं. खरा नफा त्यातच होता. साहेब हे फळ्यावर लांबलचक साखळी काढून समजावत. कोल्हापूरकरांना एवढा खडू लागत नसे. "म्हस आमची, लोणी ह्यांचं," ते म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे, "आणि लोणी काढायला बसलोय कोण, तर मी!"

हा माणूस दोन वर्षांसाठी आला होता. म्हातारी आई गाव सोडायला तयार नव्हती, म्हणून बायको तिच्यापाशी राहिली. परत जायला तसं कुणी अडवलं नव्हतं, पण त्यांना येणारं काम गावात नव्हतं आणि घर त्यांच्या पगारावर चालत होतं. इथे दुसरी नोकरी धरावी, तर वर्क परमिट याच कंपनीच्या नावावर. पेट्यांमध्ये सांगाड्यांच्या मधे कोल्हापूरची वर्तमानपत्रं कोंबलेली असायची. जहाजाने आलेल्या त्या शिळ्या बातम्या ते जेवणाच्या सुट्टीत हाताने सपाट करून वाचत बसायचे. मला ते बघवत नसे.

शेजारी केन असायचा, त्यांच्या विभागातला वयस्क इंग्रज. त्याच्या चीज सँडविचला कोल्हापुरी चटणी लावायची खोड यांनीच लावली होती. केनच्या डोळ्यांतून पाणी आलं की हे समाधानाने म्हणायचे, "खणखणीत."

तपासणीही कोल्हापुरात न्यावी आणि आपण जाऊन ती सांभाळावी, हा त्यांचा एकच ध्यास. साहेब दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचे. मग एका बैठकीत साहेबांनीच विषय काढला. खरेदीची म्हणून मीही तिथे होते. कोल्हापूरच्या लोकांना तपासणी जमेल का, त्यांनी विचारलं. जमणार असेल तर इथला विभाग बंद करू, तुम्ही तिकडे प्रमुख म्हणून जा. मला हायसं वाटलं. सुटला एकदाचा, म्हटलं.

कोल्हापूरकर काचेतून बाहेर बघत होते. बाहेर केन सांगाडा पुसत होता.

"नॉट येट, सर," ते म्हणाले. "दे आर नॉट रेडी."

धडधडीत खोटं. तिकडची माणसं त्यांनीच फोनवरून शिकवून तयार केली होती. बाहेर आल्यावर मी चिडलेच. हे काय करून बसलात, म्हणून विचारलं.

"ह्या वयात केनला काम कोण देणार, वैनी? त्याचं घर बसलं असतं. माझं काय, माझं घर उभं हाय की तिकडं. नुसता मी न्हाई त्यात."

मग सवयीने बोट वर गेलं. स्वतःच्या छातीवर त्यांनी टकटक केली, कान दिला, आणि निकाल न सांगताच कामाला लागले. मला त्या क्षणी रडू आलं.

पुढे माझ्या नवऱ्याला लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. कोल्हापूरकरांची आई गेली. घराला कुलूप लावून बायको बर्मिंगहॅमला आली. केनही निवृत्त झाला.

परवा आमच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी खणलं होतं. कडेला एक नवाकोरा व्हॉल्व्ह पडलेला, वर आमच्या कंपनीचं नाव आणि ठळक अक्षरांत मेड इन इंग्लंड. मी वाकून टकटक केली आणि घरी येऊन लगेच त्यांना फोन लावला. तुमचं लोखंड खणखणीत वाजतंय, म्हटलं. ते खूश झाले. त्या भरात मी बोलून गेले की आता केनचीही काळजी नाही, आता साहेबांना खरं सांगा आणि जा परत.

"कुणाकडं, वैनी?"